न्यायाच्या दिवशी काय विचारलं जाईल?

असा मेसेज तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी आला असेल. कुठे भूकंप होतो, कुठे युद्ध पेटतं, कुठे ग्रहणाचा चंद्र लाल दिसतो, आणि लगेच कोणीतरी व्हिडिओ पाठवतं. मागे गडगडणारं संगीत, पडद्यावर ज्वाळा आणि एक खणखणीत आवाज : बायबलमध्ये हे आधीच लिहून ठेवलं आहे, जगाचा शेवट जवळ आला आहे! खाली सूचना असतेच, ‘दहा जणांना पाठवा.’

मोठी माणसं हसून पुढे जातात. पण घरातलं लहान मूल तो व्हिडिओ पाहतं आणि रात्री झोपताना विचारतं, “आई, खरंच सगळं संपणार का गं?” अंथरुणाला खिळलेले आजोबा काही बोलत नाहीत, पण त्यांच्याही मनात काहूर उठतं.

मग ख्रिस्ती धर्म याबद्दल खरोखर काय सांगतो? काळाच्या शेवटी देव सगळ्यांचा न्याय करील, हा ख्रिस्ती लोकांचा जवळपास दोन हजार वर्षांचा विश्वास आहे. तो कुठून आला? त्यात भीती किती आणि आशा किती? तुम्ही ख्रिस्ती असाल तर यातलं बरंच तुम्हाला ओळखीचं वाटेल. नसाल तर तुमच्या शेजारच्या, ऑफिसातल्या किंवा वर्गातल्या ख्रिस्ती मित्राची श्रद्धा समजून घ्यायला हा लेख उपयोगी पडेल. चला, सुरुवातीपासून पाहू.

विश्वास नेमका काय आहे?

जगभरातल्या असंख्य चर्चमध्ये उपासनेच्या वेळी लोक उभे राहून एकत्र आपला विश्वास बोलून दाखवतात. या कबुलीचा सर्वांत मान्य मसुदा इ.स. ३२५ मध्ये नायसिया इथे भरलेल्या धर्मसभेत ठरला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत तो पूर्ण झाला. ही दोन्ही ठिकाणं आजच्या तुर्कस्तानात आहेत. त्या कबुलीत एक गोष्ट स्पष्ट आहे : येशू ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मृतांचा न्याय करील.

थोडक्यात सांगायचं तर या विश्वासाचे चार भाग आहेत. ख्रिस्त पुन्हा येईल. मेलेले सगळे उठतील. प्रत्येकाचा न्याय होईल. आणि शेवटी देव नवं आकाश आणि नवी पृथ्वी घडवील, जिथे मरण नसेल, रडणं नसेल.

आपल्याला कर्माच्या हिशेबाची कल्पना नवी नाही. चित्रगुप्ताची वही आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुस्लिम शेजाऱ्यांच्या तोंडून कयामतचा दिवस ऐकला. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही न्यायाच्या वेळी पुस्तकं उघडली जातात असं वर्णन आहे. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ख्रिस्ती विश्वासात पुनर्जन्माची साखळी नाही. माणूस एकदाच जगतो, एकदाच मरतो, आणि इतिहासाच्या शेवटी राजा आणि रंक सगळे एकाच वेळी देवासमोर उभे राहतात.

त्या शेवटच्या पुस्तकाचं मराठी नाव ‘प्रकटीकरण’. मूळ ग्रीक शब्द ‘अपोकॅलिप्सिस’. आज इंग्रजी सिनेमांमुळे तो शब्द ऐकला की कोसळणाऱ्या इमारती डोळ्यांसमोर येतात. खरा अर्थ मात्र साधा आहे : पडदा बाजूला सारणं, झाकलेलं उघड करणं. न्यायाच्या दिवसाची गुरुकिल्ली याच अर्थात आहे. त्या दिवशी जे लपलं आहे ते दिसेल.

खोट्या तराजूचा हिशेब

ही कल्पना येशूच्या आधीपासूनची आहे. इ.स. पूर्व आठव्या शतकात इस्राएलमध्ये आमोस नावाचा एक माणूस होता. तकोवा गावचा, मेंढरं राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा. त्या काळी लोक ‘परमेश्वराच्या दिवसाची’ आतुरतेने वाट पाहत. त्यांना वाटे, तो दिवस आला की देव आपल्या शत्रूंना चिरडील आणि आपली भरभराट होईल.

आमोस शहरात आला आणि त्याने उलटंच सांगितलं. तो दिवस तुम्हाला उजेडाचा नसेल, अंधाराचा असेल. का? तर तुम्ही मापात मारता, तराजू खोटा ठेवता, धान्यात भुसा मिसळून विकता, आणि गरिबाला जोडाभर वहाणांच्या किमतीला विकून टाकता. तुमची भजनं आणि सण देवाला नकोत. त्याला न्याय हवा, वाहत्या पाण्यासारखा.

लक्षात घ्या, आमोसने भूकंपाची किंवा ग्रहणाची तारीख सांगत बाजार भरवला नाही. त्याने बाजारातल्या वजनमापाकडे बोट दाखवलं. देवाच्या न्यायाची भाषा तिथपासूनच रोजच्या व्यवहाराला चिकटलेली आहे.

पुढे दानीएलच्या पुस्तकात मातीत झोपलेले लोक जागे होतील, अशी आशा स्पष्ट शब्दांत येते. बहुतेक अभ्यासक या पुस्तकाचा उत्तरार्ध इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातला मानतात. तेव्हा अँटिओकस चौथा हा राजा यहुदी लोकांचा छळ करत होता. श्रद्धा सोडत नाहीत म्हणून माणसं मारली जात होती. त्यांच्यासाठी कोणतंही न्यायालय नव्हतं. चांगली माणसं मेली आणि मारणारे मजेत राहिले, मग देव आहे तरी कुठे? या प्रश्नाला मिळालेलं उत्तर म्हणजे न्यायाचा दिवस. मेलेल्यांचीही सुनावणी होईल, हे त्या काळी छळ सोसणाऱ्यांना मिळालेलं मोठं सांत्वन होतं.

मेंढरं आणि शेरडं

आता येशूकडे येऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याने न्यायाच्या दिवसाचं एक चित्र रेखाटलं आहे. ख्रिस्ती जगात या विषयावर सर्वांत जास्त वाचला जाणारा हा उतारा.

मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो, तसा राजा सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना उजवीकडे आणि डावीकडे उभं करतो. आपल्याकडे धनगराच्या कळपातही मेंढरं आणि शेरडं दिवसभर एकत्रच चरतात. लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही, राखणाऱ्याला मात्र एकेक जनावर ठाऊक असतं. येशूचे श्रोते हे रोज पाहत होते.

मग राजा उजवीकडच्यांचं कौतुक करतो. कशासाठी? सहा गोष्टींसाठी. त्याला भूक लागली तेव्हा त्यांनी खायला दिलं. तहान लागली तेव्हा पाणी दिलं. तो परका होता तेव्हा घरात घेतलं. अंगावर कपडे नव्हते तेव्हा पांघरूण घातलं. आजारी होता तेव्हा विचारपूस केली. तुरुंगात होता तेव्हा भेटायला गेले.

इथे गोष्टीला खरी कलाटणी मिळते. उजवीकडचे लोक गोंधळतात. महाराज, आम्ही तुम्हाला कधी उपाशी पाहिलं? आम्हाला तर आठवत नाही! राजा सांगतो, माझ्या या अगदी लहानातल्या लहान भावंडांसाठी तुम्ही जे केलंत, ते माझ्यासाठीच केलंत. डावीकडचेही तितकेच चकित होतात. तुम्ही दिसला असतात तर आम्ही धावून आलो असतो, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांना राजा हवा होता, दारातला भुकेला नको होता.

थोडं थांबून विचार करा. या सहा गोष्टींत एकही अवघड नाही. रोग बरा करायला सांगितलेलं नाही, भेटायला सांगितलं आहे. कैद्याची सुटका करायला सांगितलेलं नाही, त्याला विसरू नका एवढंच आहे. गरीब माणूससुद्धा हे करू शकतो. आणि डावीकडच्यांवर चोरीचा किंवा खुनाचा आरोप नाही. त्यांनी काही केलं नाही, हाच त्यांचा दोष.

अभ्यासकांत एक वाद आहे, तोही सांगायला हवा. ‘लहानातली लहान भावंडं’ म्हणजे जगातले सगळे गरजू, की येशूचा संदेश घेऊन फिरणारे त्याचे शिष्य? काही जण दुसरा अर्थ घेतात. तरीही शतकानुशतकं बहुसंख्य ख्रिस्ती लोकांनी हा उतारा सर्व गरजूंविषयीच वाचला आहे, आणि त्यावरून पुष्कळ कामं उभी राहिली आहेत.

चौथ्या शतकातल्या मार्टिनची कथा प्रसिद्ध आहे. तो रोमन सैन्यात होता. फ्रान्समधल्या आमिआँ शहराच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. त्याने आपला झगा तलवारीने मधोमध कापला आणि अर्धा भिकाऱ्याला दिला. रात्री स्वप्नात त्याला येशू दिसला. त्याच्या अंगावर तोच अर्धा झगा होता!

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई आठवतात. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली आणि विधवा रस्त्यावर आल्या. रमाबाई तिथे गेल्या, शेकडो जणींना घेऊन आल्या, आणि पुण्याजवळ केडगावला त्यांचा ‘मुक्ती’ आश्रम वाढत गेला. तिथे जेवण होतं, निवारा होता, शिक्षण होतं, अंध मुलींसाठीही सोय होती. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि ते भाषांतर दोन वर्षांनी छापून आलं. कोलकात्यात १९५२ मध्ये मदर तेरेसांनी कालीघाटला मरणासन्न लोकांसाठी ‘निर्मल हृदय’ सुरू केलं. त्यांच्या बोलण्यात मत्तयाचा हाच अध्याय पुन्हा पुन्हा येई.

तारीख कुणालाच ठाऊक नाही

मग त्या व्हिडिओंमधल्या तारखांचं काय? बायबलमध्ये येशूने स्वतः सांगितलं आहे की तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. इतकं स्पष्ट असूनही माणसाला गणित मांडायचा मोह आवरत नाही.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी आणि धर्मोपदेशक होता. बायबलमधल्या आकड्यांवरून हिशेब करून त्याने सांगितलं की ख्रिस्त १८४३-४४ च्या सुमारास परत येईल. पुढे त्याच्या चळवळीने एक नेमका दिवस धरला : २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोकांनी विश्वास ठेवला. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. दिवस गेला, रात्र सरली, सकाळ झाली आणि नेहमीचाच सूर्य उगवला. इतिहासात या दिवसाचं नावच ‘मोठी निराशा’ असं पडलं. त्या दुःखातून सावरलेल्या लोकांतून पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. ख्रिस्ताच्या येण्याची ते आजही वाट पाहतात, पण तारीख ठरवत नाहीत.

अगदी अलीकडची गोष्ट २०११ ची. हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ प्रवचनकाराने २१ मे ही तारीख जाहीर केली. रस्तोरस्ती मोठमोठे फलक लागले. काही अनुयायांनी आयुष्याची बचत त्या प्रचारात घातली. काहीच घडलं नाही. मग २१ ऑक्टोबर ही नवी तारीख आली. तीही गेली. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी आपण चुकलो हे मान्य केलं. पण गेलेले पैसे आणि मोडलेला विश्वास कोण भरून देणार?

हा मोह जुनाच आहे. पहिल्या शतकात थेस्सलनीका शहरातले काही ख्रिस्ती लोक कामधंदा सोडून बसले होते. ख्रिस्त आता येणारच, मग कशाला राबायचं, असं त्यांना वाटलं असावं, असं अनेक अभ्यासक म्हणतात. त्यांना गेलेल्या पत्रात सल्ला खणखणीत आहे : ज्याला काम करायचं नाही, त्याने खाऊही नये.

आणखी एक गोष्ट. विश्वासणारे लोक अचानक आकाशात उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ही शिकवण या स्वरूपात १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाच्या प्रयत्नांतून पसरली आणि पुढे अमेरिकेत फार लोकप्रिय झाली. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या ती मानतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लूथरन चर्चमध्ये मात्र ती शिकवली जात नाही. तेव्हा एखादा व्हिडिओ ‘ख्रिस्ती धर्म असं सांगतो’ म्हणाला, तर ‘कुठलं चर्च?’ हा प्रश्न जरूर विचारा.

कृती महत्त्वाची की श्रद्धा?

मत्तयाचा अध्याय वाचून कुणालाही वाटेल, न्याय तर कृतींवरच होणार. मग श्रद्धेचं काय? याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपातलं चर्च दुभंगलं. मार्टिन ल्यूथर म्हणाला, माणूस आपल्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या कृपेने आणि विश्वासाने तरतो. चांगली कृत्यं ही त्या विश्वासाची फळं. झाड जिवंत असेल तर फळ येईलच. कॅथलिक चर्चने कृपेने बदललेल्या माणसाच्या कृतींवर अधिक भर दिला.

हा वाद साडेचारशेहून जास्त वर्षं चालला. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस कृपेनेच स्वीकारला जातो आणि ती कृपा त्याला चांगली कृत्यं करायला बळ देते, या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या.

बाकी काही फरक आहेतच. कॅथलिक शिकवणीनुसार प्रत्येकाचा एक न्याय मृत्यूनंतर लगेच होतो, आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र. ज्यांचं मन देवाकडे आहे पण अजून पूर्ण शुद्ध झालेलं नाही, त्यांच्यासाठी शुद्धीकरणाची अवस्था आहे. म्हणून गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. २ नोव्हेंबरला गोव्यात किंवा वसईत गेलात तर कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतील, त्यामागे हीच श्रद्धा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्या ही मधली अवस्था मानत नाहीत.

नरकाबद्दलही सगळ्यांचं एक मत नाही. अनेकांच्या मते शिक्षा अनंतकाळची आहे. काहींच्या मते देवाला नाकारणारे शेवटी नाहीसे होतात. आणि चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीसारख्या मान्यवर धर्मगुरूने अशीही आशा धरली की देवाचं प्रेम अखेरीस सगळ्यांना परत आणील. इतक्या जुन्या काळापासून ख्रिस्ती लोक या प्रश्नाशी झुंजत आले आहेत, हे ‘तू नरकात जाणार’ असं बेधडक सांगणाऱ्यांनी आठवावं.

भिंतीवरचा न्याय

रोममध्ये व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्ये वेदीच्या मागची अख्खी भिंत ‘अंतिम न्याय’ या चित्राने भरलेली आहे. मायकेल अँजेलोने ते १५३६ ते १५४१ या काळात रंगवलं. तीनशेहून जास्त आकृत्या, मधोमध हात उंचावलेला ख्रिस्त, एका बाजूला वर चढणारे, दुसऱ्या बाजूला खाली ओढले जाणारे.

या चित्राची एक गंमत जॉर्जो वझारी या त्याच्या समकालीन चरित्रकाराने सांगितली आहे. पोपचा समारंभप्रमुख बियाजो दा चेझेना चित्र पाहून नाराज झाला. इतकी उघडी शरीरं चॅपलमध्ये शोभत नाहीत, असं तो म्हणाला. मायकेल अँजेलोने त्याचाच चेहरा नरकाच्या न्यायाधीशाला देऊन टाकला! दुसरीकडे संत बार्थलम्यूच्या हातात एक सोललेली कातडी लोंबते, आणि तिच्यावरचा सुरकुतलेला चेहरा खुद्द चित्रकाराचा आहे, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. दुसऱ्याला नरकात रंगवणाऱ्या माणसाने स्वतःलाही त्या दरबारात कातडीच्या रूपात उभं केलं.

मध्ययुगातल्या अनेक चर्चच्या दारांवर आणि चित्रांत नरकाच्या बाजूला मुकुट घातलेले राजे आणि उंच टोप्या घातलेले बिशपसुद्धा दिसतात. वाचता न येणारा शेतकरी चर्चमध्ये शिरताना मान वर करून ते पाहत असे. त्याला कळत असे की ज्याच्यापुढे आपण वाकतो, त्याचीही एक दिवस सुनावणी आहे.

ज्यांना दुसरा दरवाजा नाही

न्यायाचा दिवस कुणाला आवडतो? ज्याने पैसे खाल्ले त्याला कोर्टाची तारीख नको असते. ज्याची जमीन गेली तो मात्र तारखेची वाट पाहत असतो. अमेरिकेत गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या काळ्या लोकांनी आपल्या भक्तिगीतांत न्यायाच्या दिवसाबद्दल आशेने गायलं, ते यामुळेच. मालकाचं कोर्ट त्यांचं ऐकणार नव्हतं. वर एक कोर्ट आहे, एवढाच आधार होता.

या विश्वासाची आणखी एक बाजू आहे. अंतिम निकाल देवाच्या हाती आहे, म्हणून माणसाने सूड आपल्या हाती घेऊ नये, असं पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलं. हे बोलायला सोपं, पण जगायला महाकठीण. भारताने त्याचं एक उदाहरण पाहिलं आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळण्यात आलं. स्टेन्स ऑस्ट्रेलियाचे. बारिपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, आणि मुलीसह पुढची काही वर्षं बारिपद्यातच राहून ते काम चालू ठेवलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

क्षमा केली म्हणून खटला थांबला का? नाही. कायद्याने आपलं काम केलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषींची जन्मठेप कायम ठेवली. ग्लॅडिस यांनी या दोन गोष्टींची गल्लत केली नाही. क्षमा हा त्यांच्या मनाचा निर्णय होता, शिक्षा हा न्यायालयाचा. इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. ‘देव बघून घेईल’ असं म्हणत घरातला मारझोडीचा किंवा मुलाच्या छळाचा प्रकार झाकून ठेवणं म्हणजे या श्रद्धेचा गैरवापर. जो देव लपलेलं उघड करतो, त्याच्या नावाने काही लपवायचं कसं?

मुलांनी विचारलं तर

घरात मुलं हा प्रश्न विचारतील तेव्हा हसण्यावारी नेऊ नका, आणि घाबरवूही नका. ‘खोटं बोललास तर देव आगीत टाकेल’ ही धमकी मुलाला खरं बोलायला शिकवत नाही, लपवायला शिकवते. त्यापेक्षा असं सांगता येईल : ख्रिस्ती लोक मानतात की देव सगळं पाहतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तो विसरत नाही. तो दिवस कधी येईल हे कुणालाच माहीत नाही, म्हणून तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि त्या दिवशी तो विचारील की भुकेल्याला जेवायला दिलंस का.

मोठ्यांनीही मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. त्यात तारीख आहे का? असेल तर तो बायबललाच धरून नाही. त्यात पैसे मागितले आहेत का? असतील तर तिथेच थांबा. आणि तो वाचून कुणाच्या मदतीला जावंसं वाटतं, की नुसती भीती वाटते? नुसती भीतीच वाटत असेल तर तो मेसेज तुमच्यापाशीच संपू द्या.

चर्चच्या वर्षाचा शेवटचा रविवार नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. दर तीन वर्षांतून एकदा त्या रविवारी कॅथलिक आणि इतरही अनेक चर्चमध्ये मेंढरं आणि शेरडांचा तोच उतारा वाचतात. त्याच्या पुढच्याच रविवारी नवं वर्ष सुरू होतं आणि नाताळची तयारी लागते. म्हणजे वर्षाचा हिशेब त्या सहा प्रश्नांवर संपतो आणि लगेच एका बाळाच्या जन्माची वाट पाहणं सुरू होतं.

ते सहा प्रश्न समजायला कोणत्याही धर्माचं असावं लागत नाही. सोसायटीच्या वॉचमनला उन्हाळ्यात थंड पाणी कोण देतं? परप्रांतातून आलेल्या, भाषा न येणाऱ्या कुटुंबाशी पहिल्यांदा कोण बोलतं? हॉस्पिटलात एकट्या पडलेल्या काकूंना भेटायला कोण जातं? तुरुंगात गेलेल्या माणसाच्या बायकोमुलांकडे लोक पाठ फिरवतात, तेव्हा त्यांच्या दारावर कोण थाप देतं? शेवटचा दिवस कधी येईल ते येवो. हे करायला मात्र आजचा दिवस आपल्या हाती आहे.